पुढची सीट

मी बिझनेस क्लासने एकदाच प्रवास केला आहे. मित्रांमध्ये विषय निघाला की मी गप्प बसतो. ती सीट कशी होती हे मला सांगता येतं, पण मी तिच्यात का बसलो होतो ते सांगावं लागेल म्हणून टाळतो. आज लिहून पाहतो. जमेल की नाही माहीत नाही.

माझे वडील काळी-पिवळी जीप चालवायचे. सुलतानपूर ते मेहकर, मेहकर ते सुलतानपूर, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. आमच्याकडची काळी-पिवळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मागे दहा-बारा माणसं, मधे सहा, आणि पुढे ड्रायव्हर धरून पाच. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराकडे, अजून एक जण असतोच. त्यामुळे वडील सगळं आयुष्य अर्ध्या सीटवर, तिरके बसून गाडी चालवत आले. त्यांचा डावा पाय गियरपाशी दुमडलेला असे. घरी आल्यावर ते ओसरीवर भिंतीला टेकून आधी पाय लांब करत आणि मग पाणी मागत.

पुढे डावीकडची खिडकीजवळची सीट ही त्या गाडीतली मानाची जागा. तिथे शाळेचे गुरुजी बसत, कधी बँकेतले साहेब, कधी दवाखान्यात निघालेली गरोदर बाई. पण वडिलांचा एक नियम होता. कोणी मयतीला चाललं असेल तर ती सीट त्याची. मग तिथे कोणीही बसलेलं असो.

"उठा गुरुजी, मांगं बसा जरा. ह्यायच्या घरी मौत झाली."

गुरुजी मुकाट्याने उठत. त्या माणसाकडून वडील भाडं घेत नसत आणि गाडी भरायची वाटही पाहत नसत. स्टँडवरच्या लोकांना हे माहीत होतं. एकदा मी कॉलेजातून मेहकरला स्टँडवर आलो होतो, तेव्हा एका थट्टेखोर माणसाने विचारलं, "काय भाऊ, मी बी कोणी मेलं म्हणून सांगू काय? पुढं बसाले भेटन."

वडील म्हणाले, "सांग ना बे. पन मंग सुलतानपूरपरेंत रडत चालाव लागन. थांबला की उतरवतो."

सगळे हसले. वडीलही हसले. पण आपल्या गाडीत बसलेला एकही माणूस मातीला उशिरा पोचला नाही, हे ते अगदी गंभीरपणे सांगत.

शिष्यवृत्ती मिळाली आणि मी परदेशात शिकायला गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, विमानाची तर गोष्टच सोडा. पोचल्यावर फोन केला. आईने विचारलं, जेवलास का. वडिलांनी विचारलं, "विमानात पाय पसरता आले काय रे?"

खरं म्हणजे माझे गुडघे नऊ तास पुढच्या सीटला टेकलेले होते. मी म्हणालो, "हो बाबा. मस्त पसरता आले. झोपलो मी."

का खोटं बोललो कुणास ठाऊक. त्यांना बरं वाटावं म्हणून असेल. त्यांनी ते साऱ्या स्टँडवर सांगितलं. ताई मला फोनवर हसत सांगायची की दुसरे ड्रायव्हर त्यांना चिडवतात, "पोरगं विमानात आडवं पडून गेलं, अन् तू इथं एका कुल्ल्यावर गाडी चालवून राह्यला." ते चिडत नसत. त्यांना ते फार आवडत असे.

मे महिन्यात एका पहाटे ताईचा फोन आला. माझ्याकडे पहाट, गावाकडे सकाळचे साडेनऊ. ताई देऊळगाव राजाला दिलेली. ती बाबांकडे निघाली होती आणि बसमधूनच बोलत होती. बाबा पहिली फेरी करून आले, गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवलं. लोकांना वाटलं डोळा लागला.

मी म्हणालो, "मी येतो. थांबा. माझ्यासाठी थांबा."

मग मी माझ्या प्राध्यापिकेकडे गेलो. काय बोललो आठवत नाही. त्यांनी लगेच कॉम्प्युटर उघडला. त्या दिवशीच्या विमानात साध्या वर्गात एकही जागा नव्हती. पुढच्या वर्गात एक होती. त्यांच्या नावावर विमानप्रवासाचे पॉइंट साठले होते, त्यातून त्यांनी ते तिकीट काढलं. मी नको म्हणायला लागलो, इतकं मोठं तिकीट मी कसं घेऊ. त्या म्हणाल्या, "वडिलांकडे चालला आहेस तू. जा."

घरी कळवलं. मुंबईला पहाटे उतरून पुढे समृद्धी महामार्गाने गाडी केली तर दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत गावात. काका म्हणाले, अकरापर्यंत थांबतो.

विमानात माझी सीट खिडकीजवळ होती. पुढची, डावीकडची. एका सीटला एवढी जागा की आमच्या जीपमधली मधली सहा माणसं मावली असती. हवाई सुंदरीने गरम ओला रुमाल दिला. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून हातात धरून बसलो. बटन दाबलं की सीटची पूर्ण खाट होते असं तिने दाखवलं.

विमान हललंच नाही. अर्ध्या तासाने सांगितलं, काही बिघाड आहे. मग सांगितलं, किमान चार तास लागतील, जागेवरच बसा. मी हिशेब केला. मुंबईत दिवस वर येणार. गावात चार-पाच वाजणार.

मी काकांना फोन लावला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, आणि कोणीतरी पंखा, पंखा म्हणत होतं.

"बाबू, लाइन गेली," काका म्हणाले. "मेहकरहून बर्फ आणला होता. टिकून नाही राह्यला. ऊन तं तुले माहीत हाय."

"काका, मला संध्याकाळ होईल."

फोन घेऊन ते बाहेर आले, मागचं रडणं लांब गेलं. मग म्हणाले, "तू सांग. तू म्हणशीन तसं करू. थांब म्हन, तं थांबतो."

ते खरंच थांबले असते. सगळे थांबले असते, आणि बाबा तसेच पडून राहिले असते, त्या उन्हात, मी पाहावं म्हणून. मला त्यांचा चेहरा एकदा पाहायचा होता. एवढंच हवं होतं. समोरच्या टेबलावर संत्र्याच्या रसाचा ग्लास होता, तो मी बाजूला सरकवला.

"थांबू नका काका. सकाळी उजाडलं की काढा. अग्नी तुम्ही द्या."

"बरं," काका म्हणाले. मग म्हणाले, "सात वाजता काढतो मंग."

फोन ठेवल्यावर ती हवाई सुंदरी दोनदा विचारून गेली, अंथरूण घालू का. मी नको म्हणालो. जेवणही नको म्हणालो. विमान उडालं. आजूबाजूची सगळी माणसं आडवी झाली. मी घड्याळ भारतातल्या वेळेला लावून बसून राहिलो.

सात वाजायला आले तेव्हा खिडकीबाहेर ऊन होतं. आता उचलत असतील. आता वेशीपाशी. ती पुन्हा आली आणि वाकून हळूच म्हणाली, "तुम्हाला सीट आरामाची वाटत नाही का? इतका वेळ तुम्ही कडेलाच बसला आहात."

मी खाली पाहिलं. एवढ्या रुंद सीटच्या अर्ध्याच भागावर मी तिरका बसलो होतो, डावा पाय दुमडून. उजवीकडे जणू कोणाला जागा ठेवली होती. तेव्हा मला रडू आलं. त्याआधी आलं नव्हतं. ती पाणी ठेवून गेली. आपल्या गाडीतला माणूस मातीला उशिरा पोचत नाही म्हणायचे ना बाबा, असं काहीतरी मी मनात म्हणत होतो. त्यात राग होता की माफी, मला अजून ठरवता येत नाही.

गावात पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तोंड चांगलं होतं रे त्यायचं. झोपल्यावानी." मी तिच्या पायाशी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. काकांनी पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "हे तरी तुह्या हातानं कर. पायाकडून सुरू कराव लागते." मी पायाकडून सुरू केलं. हाडं हलकी होती. ते दोन्ही पाय सरळ, लांब ठेवलेले असणार, एवढंच त्या राखेवरून कळत होतं.

अस्थी नदीवर न्यायच्या होत्या. बाबांचीच जीप काढली होती. त्यांच्या स्टँडवरचा एक ड्रायव्हर चालवणार होता, त्यांना सगळ्यांत जास्त चिडवायचा तोच. मी गाठोडं घेऊन मागे चढू लागलो.

"मांगं कुठं चालला बे?" तो म्हणाला. "पुढं ये. तुह्या बापाचा नियम हाय."

मी पुढे खिडकीशी बसलो. गाठोडं मांडीवर घेतलं. गाडी फाट्यापाशी आली. मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "त्या विमानात खरंच पाय पसरता येते काय?"

"येतात," मी म्हणालो. "पण पहिल्या वेळी आले नव्हते. बाबांना मी खोटं सांगितलं होतं."

"त्याले मालूम होतं," तो म्हणाला. "सांगे मले. म्हने, पोरगं मले बरं वाटाव म्हणून सांगते, तं मी बी सांगतो लोकायले."

मी गाठोड्यावर हात ठेवून बसलो. पुढे आम्ही दोघंच होतो, त्याच्या उजवीकडे कोणी नव्हतं. तरी तो अर्ध्याच सीटवर, तिरका बसून गाडी चालवत होता.