मास्तरांची तडजोड

छोटू तीस वर्षांचा, दारातून येताना वाकावं लागेल इतका उंच. तरी घरीदारी सगळे त्याला छोटूच म्हणायचे. तो स्वमग्न होता. आई गेल्यावर त्याची जबाबदारी थोरल्या बहिणीवर, ताईवर, आली. ताईचं कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. सरकारी मदतीतून मिळालेला एक सोबती रोज सकाळी यायचा, छोटूला बसने कार्यशाळेत कामाला न्यायचा आणि संध्याकाळी सुखरूप घरी सोडायचा. त्या सोबत्याच्या जिवावर ताईचं दुकान चाले.

सरकार ही मदत छाटणार, अशी बातमी पहिल्यांदा मास्तरांनी आणली. मास्तर निवृत्त शिक्षक. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीला खिळलेले. केस कापायला आले की तासभर हलायचे नाहीत.

"ताई, लढायला हवं. झालं तर सगळ्यांचं होईल, नाहीतर कुणाचंच नको," ते म्हणाले.

ताईने तोवर साधी तक्रारसुद्धा कुठे केली नव्हती. पण मास्तरांच्या शब्दाने ती पेटून उठली. दुकानात येईल त्याला ती हे सांगत सुटली. मान तिच्या हातात असल्यावर न ऐकून गिऱ्हाईक करतं काय! मोर्च्यात मास्तरांची खुर्ची तीच ढकलायची. चढावर तिच्या तळहातांना फोड यायचे. कानांत आवाज अडवणारे बोळे घालून छोटू शेजारून चालायचा आणि मास्तरांच्या मांडीवरचा फलक वाकडा झाला की सरळ करायचा.

हिवाळा सरता सरता मंत्र्यांनी बोलणी करायला अपंगांच्या संघटनेतल्या तिघांना बोलावलं. मास्तर पुढे होते.

त्या दुपारी ताई एका बाईचे केस रंगवत होती. रेडिओवर बातमी लागली: समझोता झाला. चाकाच्या खुर्चीत असलेल्यांची, अंधांची मदत कायम. हिंडूफिरू शकणाऱ्या प्रौढ स्वमग्नांचा सोबती बंद. पाठोपाठ मास्तरांचा आवाज आला, "हा आमचा विजय आहे."

ताईने त्या बाईचं डोकं कसंबसं धुतलं, दुकानाला कुलूप घातलं आणि तडक मास्तरांचं घर गाठलं. हातमोजे तिच्या हातात तसेच होते.

"मास्तर, रेडिओवाल्यांनी चुकीचं सांगितलं ना?"

मास्तर खिडकीकडे बघत राहिले. "अगं, ते सगळंच कापायला निघाले होते. हाती लागलं तेवढं वाचवलं."

"कुणाचं वाचवलंत?"

"तू शांतपणे विचार कर. छोटू निदान चालतो तरी."

ताईने हातमोजे ओढून काढले. मग ती म्हणाली, "चालतो ना. रस्त्यात गाडीचा भोंगा वाजला की गाड्यांच्या मधूनच चालत सुटतो. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, मास्तर. तुमच्याच मोर्च्यात."

"मला आत सही करावी लागली, ताई. त्यांनी दुसरा मार्गच ठेवला नव्हता."

"दार होतं की. उठून यायचंत—" शब्द तोंडातून गेले तशी ती ओशाळली. मास्तर कडवट हसले. ती आणखी काही न बोलता बाहेर पडली.

सोबती यायचा थांबला. छोटू आता दिवसभर दुकानात बसतो. केस वाळवायच्या यंत्राची घरघर त्याला सहन होत नाही, म्हणून ताईने ते कपाटात टाकलं. ओल्या केसांनी कोण घरी जाईल? निम्मी गिऱ्हाइकं तुटली. कार्यशाळेत त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसतं.

ताईने छोटूसारख्या मुलांच्या चार आयांना जमवून मदत देणारी सरकारी कचेरी गाठली. साहेब सौजन्याने वागले, बसा म्हणाले, पाणी मागवलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्याच संघटनेने हे मान्य केलंय. आता आमच्याशी कशाला भांडता?"

एक आई रडायला लागली. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.