पाय ढिला सोड

गुडघे तपासणाऱ्याकडे किस्से साठायला वेळ लागत नाही. माणसं गुडघा दाखवायला येतात आणि दुखणं लपवून ठेवतात! मी विट्याला फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट नुसतं ताणलंय, अर्धवट फाटलंय की पुरतं तुटलंय, याचा अंदाज आधी हातानं घ्यायचा. नडगी पुढं ओढायची आणि किती सरकते ते बघायचं; जितकी जास्त सरकेल तितकं लिगामेंट फाटलेलं. आधी चांगला पाय, मग दुखरा. माझा अंदाज चुकला तर माणूस तुटक्या लिगामेंटवर धावत सुटेल, ही धास्ती रोजचीच.

*

माण तालुक्यातले एक मेंढपाळ मामा आले, गुडघा सुजून टम्म. चालताना सटकतो का, विचारलं.

"सटकतोय की. पण मेंढरं थांबत्यात व्हय?"

लिगामेंट पुरतं तुटलेलं. मामा महिनाभर त्यावर चालत होते.

*

आटपाडीच्या एका काकूंना म्हटलं, आधी चांगला पाय बघते. त्या ताडकन उठून बसल्या.

"आवं, त्यो एकच धड हाय. त्याला हात लावू नगा!"

*

सूरजचा गुडघा कबड्डीत पिरगळला होता. सैन्यभरतीचं धावणं तीन आठवड्यांवर. शेजारी वडील, निवृत्त सुभेदार, ताठ बसलेले. या तपासणीला पाय अगदी सैल लागतो आणि सूरजची मांडी दगडासारखी.

"पाय ढिला सोड!" सुभेदारांनी हुकूम दिला. पोरगं आणखीच ताठ झालं!

नडगी हलली नाही. 'फक्त ताणलंय' असं मी लिहून दिलं. दोघं खूश होऊन गेले.

*

मला मात्र चैन पडेना. आवळलेली मांडी नडगीला धरून ठेवते, हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी फोन करून त्यांना परत बोलावलं. सुभेदारांना बाहेर बसवलं आणि सूरजला काकूंचा किस्सा सांगितला. तो हसला, पाय सैल पडला आणि नडगी सर्रकन माझ्या हातात पुढं आली.

त्याचं हसू थांबलं. "मॅडम, पयलं लिवलंय तेच राहू द्या की. बाबांना सांगू नगासा."

पण मी सुभेदारांना आत बोलावून सगळं सांगितलं: एमआरआय करायला हवा, यंदा धावायचं नाही, धावला तर गुडघा कायमचा जाईल. आता हे चिडणार, असं मला वाटलं. ते चपला काढून तपासणीच्या टेबलावर चढले, पँट मांडीपर्यंत वर केली. दुखरा कुठला ते ठाऊक नव्हतं; माझा हात आधी डाव्या पायाकडं गेला.

"त्यो न्हाई. ह्यो बगा. इतकी वर्सं कुणाला दावला न्हाई."

त्यांनी उजवा पाय सैल सोडला. मी नडगी ओढली. सूरजच्यापेक्षा जास्त सरकली.