तक्त्यावर नसलेली विहीर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, तिला माझं सगळं ठाऊक आहे—वाटू दे.

मी भूकरमापक. सरकारला रस्ता हवा असला, की आधी आम्ही जातो. शेतं मोजतो, रेषेत येणारं झाड, घर, विहीर तक्त्यावर मांडतो. जे तक्त्यावर नाही, त्याची भरपाई नाही. माझ्या पेन्सिलीला गावं घाबरायची—आणि मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू?

शेंद्र्याच्या पलीकडं गयाबाईंचं शेत. नवऱ्याबरोबर त्यांनी स्वतः विहीर खणली होती. नवरा गेला, विहिरीची सातबाऱ्यावर नोंद करायची राहूनच गेली. आणि ती नेमकी रस्त्यात आली. भरपाईतून उरलेल्या रानात दुसरी खणायची, असं बाईंनी ठरवलं होतं. पण विहीर मांडली, की मूल्यांकनाला दुसरं खातं येणार, काम महिनोन् महिने लटकणार. आमच्या साहेबांना तक्ते त्याच आठवड्यात हवे होते. 'विहीर वगळ' असं म्हणाले का ते? नाही. नुसतं म्हणाले, "या वेळी लफडं नको." पुढचं डोकं माझंच.

मोजणीच्या कागदावर सही करताना बाईंनी विचारलं, "भाऊ, हीर घेतली ना लिहून?"

"घेतली, मावशी."

त्यांनी कागद वाचला नाही. वाचता येत होतं, बरं का—चौथी शिकलेल्या. पण माझ्या शब्दावर सही केली.

भरपाईचा निवाडा आला तेव्हा विहिरीत मुरूम पडून वर रोलर फिरला होता. बाई कचेरीत आल्या. साहेबांनी तक्ता पसरला. "यात विहीर कुठंय?" मी तिथंच, कपाटाला टेकून. पळून जावंसं वाटलं. आणि बाई? मला पाहून त्यांचा चेहरा खुलला—ते मला आजही सोसत नाही.

"ह्या भाऊला इचारा ना, साहेब. त्यानं बघितलीय हीर. त्यो खोटं नाय बोलायचा."

साहेब माझ्याकडं बघत राहिले. मोजणीच्या दिवशी घाई होती, असं तरी म्हणता आलं असतं. आता कसली घाई होती? विचार करायला वेळ मिळाला—पुरेसा मिळाला.

मी म्हणालो, "जागेवर विहीर नव्हती, साहेब."

बाईंनी कागद पिशवीत घातले आणि गेल्या. उरलेल्या रानात आता पावसावर येईल तेवढी बाजरी येते. मी अजून मोजणीला जातो. परवाच गेलो होतो.