अनवाणी एकशेआठ फेऱ्या

डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज दोन मैल चाला. नाहीतर ही साखर तुम्हाला खाऊन टाकेल." मी नुसती मान हलवली, पण आतून पार हादरले. माझ्या वडिलांना हाच मधुमेह होता. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून कापला आणि पंधरा दिवसांत ते गेले. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी चौतीस वर्षांची, मुलगी सहा वर्षांची. आपण मेलो तर हिच्या वेण्या कोण घालणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आता चालायचं म्हणजे जायचं तरी कुठे? महाल भागातल्या आमच्या घरी नळ आला आणि विहीर सुटली होती. दळण गिरणीत जाई, भांड्यांना बाई होती. मी दिवसभर पाटावर बसून धान्य निवडायची आणि फुगत चालले होते. कामाशिवाय रस्त्यानं फिरणारी सून तर आमच्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती.

सासूबाई म्हणाल्या, "रिकामी काहून फिरशील वं? लोक तोंडात शेण घालतील. त्यापेक्षा देवळातल्या पिंपळाले फेऱ्या घाल. एकशेआठ घाल रोज. पुण्यही लागते अन् चालणंही होते."

काय पण डोकं! मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी सुरुवात केली. पुरुष माणसं कचेरीत गेली की देऊळ बायकांचंच. अकराच्या सुमारास मी मुलीला घेऊन जायची. पाय अर्थातच अनवाणी, चपला घालून कोण प्रदक्षिणा घालतं? डॉक्टरांना यात काही विचारायला हवं, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही.

चैत्र सरला, वैशाख लागला. पाराभोवतीची फरशी तव्यासारखी तापू लागली. बायका दुसऱ्याच फेरीला "माय वं, भाजून राहिलं!" करत सावलीत पळायच्या. मी आपली शांतपणे फिरत राही. एक जण म्हणाली, "हिची भक्ती पाहा. हिले चटकाच लागत नाही." खोटं कशाला सांगू, मी फुशारले. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आई, मले नाही येववत," तर तिलाच मी रागावले.

एक दिवस घरी आले आणि मुलगी मागून ओरडली, "आई, तुझ्या पायातून पाणी निघून राहिलं!" बसून पाहिलं. दोन्ही तळव्यांवर हे एवढाले फोड. उजव्याचा फुटून कातडी लोंबत होती. आणि मला काहीच दुखत नव्हतं. दुखलं असतं तर रडले असते. दुखत नव्हतं म्हणून माझी बोबडी वळली.

डॉक्टर टांग्यातून लगबगीनं आले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "टोचलं की सांगा." मी वाट बघत बसले. शेवटी म्हटलं, "टोचा ना, थांबलात काहून?" डोळे उघडले तर टाचणी त्यांच्या हातात, आणि माझ्या टाचेवर रक्ताचे तीन ठिपके.

दीड महिना मी खाटेवर होते. पट्टी सोडली की आधी वास घ्यायची, कारण वडिलांच्या पायाला वास सुटला होता. देवाचं व्रत अर्धं टाकलं म्हणून तोही कोपेल, ही भीती वेगळीच. जखम भरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साखरेनं तळवे बधिर झालेत. तरी चालणं सोडायचं नाही. पण बूट घालून, ऊन उतरल्यावर. आणि तळवे रोज कुणीतरी तपासायचे."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी यांचे जुने कॅनव्हासचे बूट माझ्यापुढे आणून ठेवले. "चल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे मेल्यायले."

शुक्रवारी नावाच्या तलावापर्यंत त्या माझ्या बरोबरीनं चालल्या. परत आल्यावर ओसरीवर बसल्या आणि माझा पाय त्यांनी सरळ मांडीवर ओढला.

"अहो आई, हे काय! सासूनं सुनेचे पाय धरायचे?"

"गप वं. मीच धाडलं तुले त्या फरशीवर."

मग रोजचंच ते झालं. त्यांची नजर अधू होती, म्हणून त्या अंगठ्यानं तळवा तसू तसू चाचपायच्या. मला त्यांचा हात लागलेला कळायचाच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि त्या "बरं आहे" म्हणून पाय खाली ठेवीपर्यंत श्वास घ्यायची नाही.