अणुपाणबुडी आणि कमरेचा फोटो

सुनीलच्या बॅजचा आकडा आला आणि आमची बोट जेटीला बांधून ठेवली गेली.

बोट म्हणजे पाणबुडी, आणि तीही अणुशक्तीवर चालणारी. आम्ही नेव्हीवाले पाणबुडीला बोटच म्हणतो. मी तिच्यावर रेडिएशन सेफ्टीचा चीफ होतो. कुणाच्या अंगावर किती किरणं पडली, याची नोंद ठेवायची हे माझं काम. त्यासाठी प्रत्येकाच्या छातीला एक बॅज असतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, आत तीन छोट्या चकत्या: एक उघडी, एक प्लास्टिकच्या आणि एक धातूच्या झाकणाखाली. किरणं पडली की चकत्या ती धरून ठेवतात आणि तीन महिन्यांनी लॅब त्यांचा आकडा कळवते.

आमचे आकडे कायम शून्याच्या आसपास. लोकांना हे पटत नाही. पण अणुभट्टीभोवती शिसं आणि पोलाद, डोक्यावर अख्खा समुद्र. आकाशातून येतात ती किरणंसुद्धा आमच्यापर्यंत पोचायची नाहीत. गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईला आमच्यापेक्षा जास्त मिळतात.

आणि सुनीलचा आकडा सगळ्या क्रूच्या बेरजेपेक्षा मोठा.

बोट तेव्हा म्हातारी झाली होती. उमेदीच्या काळात ती दोन-दोन महिने वर यायची नाही. आता पंधरा दिवस धड जात नव्हते. आज पंप, उद्या व्हॉल्व्ह, परवा संडासाची लाइन. स्पेअर बनवणारा परदेशातला कारखाना केव्हाच बंद पडलेला. ठणठणीत काय होतं, तर ज्याला सगळे घाबरतात ती अणुभट्टी. बोट अजून दोन वर्षं चालवायची की मोडीत काढायची, हे ठरवायला एक कमिटी बसली होती, आणि नेमका त्याच आठवड्यात हा आकडा आला.

कमांडरसाहेबांनी बोलावलं. ते हिंदीत बोलायचे, मी मराठीत सांगतो.

"भट्टीला लीक असेल तर बोट संपली," ते म्हणाले. "लीक नसेल तर मला कारण पाहिजे. कारण मिळालं नाही तर सुनील संपला."

सुनील म्हणजे भट्टीच्या कंपार्टमेंटचा मेकॅनिक. वय तिशीचं, गाव हिर्डोशी, वरंध घाटाकडचं. आकड्याचं कारण सापडलं नाही, तर 'किरणं लागलेला' असा शेरा त्याच्या फाइलवर कायमचा बसणार होता आणि पाणबुडीची नोकरी बंद होणार होती. दुसरं काही करायची त्याची इच्छाच नव्हती.

सहा दिवस मी मीटर घेऊन बोटीत सरपटलो. पाइपाच्या मागे, पंपाच्या खाली, जिथं माझं पोट शिरत नव्हतं तिथंही. फडक्यांनी पाइप पुसून ती फडकी मीटरखाली धरली. काही नाही. बोट धुतल्या तांदळासारखी.

सातव्या दिवशी लॅबचा सविस्तर कागद आला. भट्टीची किरणं दांडगी असतात, तिन्ही चकत्यांवर सारखी उमटतात. इथं उघडी चकती भरलेली आणि धातूच्या झाकणाखालची जवळजवळ कोरी. म्हणजे किरणं लेचीपेची, एक्स-रे मशीनची असतात तशी. बोटीवर एक्स-रे मशीन नव्हतं.

चकत्या लॅबला जातात, पण बॅजचा प्लास्टिकचा होल्डर आमच्याकडेच राहतो. मी तो भिंगाखाली धरला. क्लिपच्या फटीत हळदकुंकू.

सुनीलला बोलावलं. "हे काय?"

"दसऱ्याला घरी गेलो होतो, सर."

"बॅज रॅकला लावून जायचं, हा नियम ठाऊक आहे ना?"

"आई म्हणली, तुझं हत्यार आण, पूजेत मांडते. भट्टीचा पाना कसा नेणार? म्हणून बॅज नेला."

मी गुंजवण्याचा. आमच्या घरीही दसऱ्याला कोयता, विळा, पाभर, सगळं मांडतात. त्यामुळे पाहिजे तेवढं रागावता येईना. तरी रागावलो.

"देव्हाऱ्यात एक्स-रे निघत नाही, सुनील."

"दुसऱ्या दिवशी आई चुलत्याबरोबर भोरला दवाखान्यात गेली होती. पण बॅज देव्हाऱ्यातच असणार, सर."

आईला फोन लावून उपयोग नव्हता. घाटात रेंज नाही, आणि कमिटीला कागद लागतो. मी दोन दिवसांची रजा टाकली, भोर गाठलं. हिर्डोशीची एसटी अर्थातच गेलेली होती. एका टेम्पोनं अर्ध्या वाटेपर्यंत सोडलं, बाकी चाललो.

सुनीलची आई हौसामावशी ओट्यावर नाचणी निवडत बसली होती. साहेब आलेत म्हणून तिनं घोंगडी अंथरली. मी बॅजचा विषय काढला.

"व्हय, म्याच नेला की," ती म्हणाली. "सुन्या म्हणला व्हता, ह्यो वाईट किरणं धरतो. म्हणलं कमरंचा फोटो काढायचाय, आपल्याला काय बाधाया नगं. कनवटीला खोचला."

"मशीनवाल्यानं काढायला नाही सांगितलं?"

"डागिनं काढा म्हणला. काढलं. ह्यो काय डागिना न्हाई."

तिनं आतून पाकीट आणलं. मी ती एक्स-रेची फिल्म दारातल्या उजेडात धरली. मावशीचे मणके, आणि शेजारी क्लिपसकट आमचा बॅज, पांढराशुभ्र. पाकिटावर नाव आणि तारीख. सगळ्या नोकरीत एवढा देखणा पुरावा मला मिळाला नव्हता. आनंदाच्या भरात मी बोलून गेलो, "मावशी, काम झालं. आता बोट सुटेल, सुनील परत ड्यूटीवर."

"परत पाण्याखाली?"

"हो."

"आन फोटो न्हाई दिला तर?"

मी सरळ माणूस, म्हणजे मूर्ख. "तर त्याला बोटीवरून उतरवतील. जमिनीवर ठेवतील."

तिनं फिल्म माझ्या हातातून घेतली, पाकिटात घातली आणि पाकीट काखेत मारलं. "मग ऱ्हाऊ द्या."

मी देशाचं सांगितलं. तिनं चहा टाकला. मी नेव्हीचं नाव काढलं. तिनं चहात साखर वाढवली.

"तुमचं गाव कंचं?"

"गुंजवणे. आमचं खाचर धरणात गेलंय."

"तुमचं शेत पाण्याखाली, माजं पोरगं पाण्याखाली. शेत एकदाच गेलं. ह्यो दर खेपंला जातोय."

शेवटी मी खरं तेच सांगितलं. "मावशी, त्याला नुसतं उतरवणार नाहीत. किरणं लागलेला म्हणून उतरवतील. कागदावर जन्मभर तसंच राहील."

"पर किरणं मला लागली."

"तुम्हाला लागली. लिहिली जाणार त्याला."

तिनं चहाचा कप बाजूला सारला. मग काखेतलं पाकीट काढलं. "माजं दुकणं त्याच्या नावावं नगं," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मी खोटं बोललो नव्हतो, तरी मला माझी लाज वाटली. उतार उतरताना पाकीट फार जड वाटत होतं.

साहेबांनी फिल्म खिडकीला धरली. "हे काय आहे?"

"सर, सुनीलच्या आईची कंबर."

ते हसले नाहीत. रिपोर्टात मात्र लिहिलं, की किरणांचा डोस नोकरीबाहेरचा. सुनीलला नियम मोडला म्हणून सात दिवस जादा ड्यूटी, फाइल कोरी. कमिटीनं अणुभट्टी उत्तम असल्याचा शेरा मारून बोटीला दोन वर्षं वाढवून दिली.

पहिल्याच फेरीत बोटीचं कोल्डरूम बसलं. मटण, भाजी, दूध, सगळं नासलं आणि आम्ही नवव्या दिवशी नाक दाबून परतलो. कंप्रेसरचा तो पार्ट जगात कुठंच मिळेना. भट्टीत अजून कित्येक वर्षांचं इंधन होतं, पण भाजी ठेवायला जागा नव्हती. बोट निवृत्त झाली. सुनील किनाऱ्यावरच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवायला लागला, कोऱ्या फाइलनिशी, कोरड्या जमिनीवर. मावशीला हवं ते सगळं मिळालं.

बोटीचं शेवटचं रजिस्टर मीच बंद केलं. त्या वर्षातला सर्वांत मोठा डोस हौसामावशीचा. ती बोटीवर कधी चढलीही नव्हती.

त्यानंतर माझी बदली झाली, पण एक सवय लागली ती रिटायर होईपर्यंत टिकली. कुणाचा आकडा वाढून आला, की मीटर उचलायच्या आधी मी त्याला विचारायचो, "घरी कुणाला बरं नाही का?"