बिनदांडीची सायकल

मी चार बुकं शिकलेला. सरकारी कचेरीत पट्टेवाला होतो. घर बडोद्याच्या वाडी भागात, कचेरी पार रावपुऱ्याच्या पुढे. पायी जाताना रोज उशीर. जमादारानं बजावलं, "असंच चाललं तर पट्टा काढून ठेव आणि घरी बस." म्हणून जुनी सायकल बघायला गेलो. भाजीला निघालेली बायकोही बरोबर होती.

दुकानात दोनच सायकली. एक उंच, दांडीची. दुसरी बिनदांडीची, बायकांसाठी केलेली.

ही म्हणाली, "अहो, बिनदांडीची घ्या. वाटेत साहेबांच्या दहा गाड्या येतात, दर वेळी उतरून मुजरा करायचा. धोतरात त्या दांडीवरून पाय कसा काढाल? उंचीही बेताचीच तुमची."

लोकांदेखत उंची काढली! माझं डोकं फिरलं. "बांगड्याही भर की मला." दुकानदार हसला. उंचच घेतली.

मेली ती सायकल! चढायला ओटा लागायचा, उतरायलाही ओटा. महाराजसाहेब विलायतेत असले तरी बडोद्यात मुजरे चुकत नसत. समोर गाडी दिसली की ओटा शोधायचा. तोवर धोतराचा सोगा साखळीत. उशीर होता तसाच.

एक दिवस बाजारात मांडवी दरवाज्याखाली आमच्याच खात्याच्या साहेबांची गाडी आली. घाईनं पाय काढला, तो दांडीला अडकला. सायकल अंगावर घेऊन आडवा झालो आणि पडल्या पडल्याच मुजरा केला.

साहेब म्हणाले, "मुजरा राहू दे रे, आधी ऊठ!"

सगळा बाजार हसला. कचेरीच्या दारात जमादार. "उद्या उशीर झाला तर पट्टा इथंच ठेवायचा."

त्याच संध्याकाळी सायकल बदलून आणली. ही दारातच उभी.

"हे काय?"

"दुकानदार म्हणाला, तुम्हाला हीच बरी."

तिनं तोंडाला पदर लावला. "शहाणा दिसतो हो दुकानदार."

मी सायकल आत घेतली.

पट्टा राहिला. त्याच सायकलवर नोकरी पुरी केली, पुन्हा उशीर नाही. पण तुझंच खरं होतं, एवढं काही तिला सांगितलं नाही. रोज समोर होती, तेव्हा जीभ उचलली नाही. मूर्ख मी.

तिला जाऊन दुसरं वर्ष. परवा चाकात हवा भरत होतो, तोंडातून निघून गेलं, "बिनदांडीचीच बरी निघाली गं."

घरात कोण आहे ऐकायला!