ब्राह्मीचं रिकामं ताट

ब्राह्मी रात्री जेवते, असं निपाणीकडे अजून बोलतात. ज्यांनी तिला कधी एक घास खाताना पाहिलं नाही, त्यांचाच आवाज मोठा. मी पाहिलं आहे. म्हणून लिहिते.

आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्यात कुणी अन्नाला शिवत नाही. ब्राह्मी माझी मावसबहीण. निपाणीजवळच्या एका खेड्यात तंबाखूवाल्या रायाप्पांच्या घरी दिलेली. दोन वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला. पुढं धाकटी जाऊ बाळंत झाली. सुईणीनं विळा पदराला पुसला आणि त्यानंच नाळ कापली. आठवड्याच्या आत बाळ धनुर्वातानं ताठ झालं. शेवटपर्यंत ते ब्राह्मीच्याच मांडीवर होतं.

"मामंजी, मी बेळगावला जाते. नर्शिंग शिकते," ती म्हणाली.

घरात नातवाचं दुःख ताजं होतं, म्हणून रायाप्पा हो म्हणाले. पण अट घातलीच. "दिस मावळल्यावर तोंडात घास घालायचा न्हाय. घातलास तर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाय."

अट घालणं सोपं असतं. ज्याला घरची सून वेळेवर ताट वाढते, त्याला तर फारच सोपं.

दवाखान्यात शिकणाऱ्या मुलींना सकाळच्या जेवणापासून दिवेलागणीनंतरपर्यंत काम. जेवणाची घंटा त्यानंतर. म्हणजे ब्राह्मी सकाळी खायची ती एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी. एकदा वॉर्डातच भोवळ येऊन पडली. मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं, "सगळ्यांबरोबर जेव, नाहीतर घरी जा. पडणारी नर्स मला नको."

देवधर्माच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी कोण धावलं तेव्हा? कुणी नाही. धावली मार्था. तिच्याच वर्गातली, बेळगावच्या कँप भागातली ख्रिस्ती मुलगी. मेट्रनबाईंना म्हणाली, "रोज संध्याकाळी थोडा वेळ तिच्या खाटा मी बघते. ती खाऊन येईल." आणि पाहिल्या, एक दिवस न चुकता. आमचं घर दवाखान्याच्या मागच्याच बोळात. उन्हं कलली की ब्राह्मी पळत यायची, उभ्या उभ्या भाकरी आणि मुगाची उसळ खायची, गाळलेलं पाणी प्यायची, की परत पळायची.

"बस तरी गं जरा," मी म्हणायची.

"बसलं की मार्थाला दोन बेडप्यान जास्त पडत्यात, आक्का."

पण रात्रीची घंटा झाली की प्रार्थनेला सगळ्या मुलींनी टेबलाशी बसायचं, पुढ्यात ताट हवंच, असा तिथला नियम. ब्राह्मी रिकामं ताट घेऊन बसायची. बाकीच्या जेवायच्या, ही गप्पा मारायची.

रायाप्पांची बहीण चंपाबाई. तिचं कुणी माणूस दवाखान्यात होतं, त्याला बघायला ती आली. परत जाताना खिडकीतून तिला दिसलं: दिवा, टेबल, ख्रिस्ती मुली, मध्ये ब्राह्मी आणि पुढ्यात ताट. एवढंच. आत जाऊन विचारायला किती पावलं लागली असती? पण विचारलं की बातमी मरते. बाई तशीच निपाणीची मोटार धरून गेली.

चार दिवसांनी दोघं भाऊबहीण माझ्या दारात. परीक्षा तोंडावर आलेली. मी ब्राह्मीला बोलावून घेतलं.

"लुगडी बांध. चल," रायाप्पा म्हणाले.

"मी खाल्लं न्हाय, मामंजी."

"मग मी काय आंधळी हाय?" चंपाबाई म्हणाली. "ह्या डोळ्यांनी ताट बघिटलं."

"ताटात काय होतं, आत्याबाई?"

"खिडकीतनं काय कालवण दिसतंय व्हय गं?"

मला राहवलं नाही. "कालवण दिसलं नाही, पण पाप दिसलं! रोज माझ्या चुलीपुढं जेवते ती. मला विचारा की!"

"तू तिचीच की गं," चंपाबाईनं नाक मुरडलं.

रायाप्पांनी हातानं बहिणीला थांबवलं. मग म्हणाले, "बस्तीत चल. भगवंतापुढं हात ठेवून सांग, खाल्लं न्हाय म्हणून. मग शीक खुशाल."

मला हायसं वाटलं. बस्ती, म्हणजे आमचं देऊळ, जवळच; बोलायचं ते खरंच. मी तर उठलेसुद्धा. पण ब्राह्मी जागची हलली नाही.

"न्हाय यायची. एवढी वर्सं नेम मी भगवंतासाठी पाळला. आत्याबाईंच्या खिडकीसाठी त्येला साक्षीला उभा करायची न्हाय. तुमचा माझ्यावर इस्वास असंल तर हाय, नसंल तर न्हाय."

"मग आमाला तू मेलीस," रायाप्पा म्हणाले.

ती वाकून त्यांच्या पाया पडली आणि कामावर निघून गेली. पंधरा दिवसांनी तिची ट्रंक आली. रायाप्पांच्या गाडीवानानं, भरमूनं, ती माझ्या ओट्यावर ठेवली आणि मान वर न करता गेला. परीक्षेत ब्राह्मी पास झाली. सासरचं दार बंदच राहिलं.

आता निपाणीकडच्या बायका बाळंतपणाला इथं येतात. दारातच विचारतात, "ती आपली शिश्टर हाय का?" गावी गेल्यावर मात्र ती आपली नसते, तिथं ती रात्री जेवणारी.

यंदा पर्युषण संपल्यावर चंपाबाई लेकीकडे बेळगावला आलेली. रिवाजाप्रमाणे घरोघर क्षमा मागत माझ्याकडेही आली. हात जोडून म्हणाली, "वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा कर, बाई."

"माझ्याकडे काय मागता? ब्राह्मी पलीकडच्याच बोळात राहते. चला, मी येते बरोबर."

"तिच्यापुढं? मी?" तिनं हात खाली घेतले. "तसं काय म्या केलंय?"

आमच्यात त्या दिवशी क्षमा नाकारत नाहीत. मी आजवर कुणाला नाकारलेली नाही. पण त्या बाईला मी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बस्तीत भगवंतापुढं उभी राहून तसं सांगूनही आले. ती ब्राह्मीच्या दाराशी गेल्याशिवाय माझ्याकडून तिला क्षमा मिळायची नाही.